ध्वनिमुद्रण चालू असताना ब्लू स्क्रीन येऊन संगणक बंद पडतो: दोष सॉफ्टवेअरचा, ड्रायव्हरचा की यंत्राचा?

प्रश्न: संवादिनी, कोल्हापूर

नमस्कार. मी गायन शिकवते आणि घरीच मराठी कथावाचनाचे ध्वनिमुद्रणही करते. डेस्कटॉप संगणकावर विंडोज ११ आहे, १६ जीबी रॅम आणि एसएसडी आहे. माइकसाठी दोन इनपुटांचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस वापरते. तो यूएसबीवरूनच वीज घेतो आणि कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवरही देतो. याआधी दुसऱ्या कंपनीचा इंटरफेस होता. तो आता कपाटात आहे, पण त्याचे सॉफ्टवेअर संगणकात तसेच आहे. ऑनलाइन वर्गात तानपुऱ्याच्या ॲपचा आवाज विद्यार्थ्यांपर्यंत थेट पोहोचावा म्हणून एक व्हर्च्युअल ऑडिओ केबल, म्हणजे एका ॲपचा आवाज दुसऱ्याकडे नेणारे सॉफ्टवेअर, बसवलेली आहे. शिवाय कोणीतरी सुचवल्यावरून एएसआयओ४ऑल हे ध्वनीच्या ड्रायव्हरचे सॉफ्टवेअरही टाकलेले आहे.

त्रास दोन प्रकारचा आहे. काही जुने प्रकल्प उघडले की ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर कोणताही संदेश न देता बंद होते, मात्र संगणक चालू राहतो. दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. ध्वनिमुद्रण बराच वेळ चालले, किंवा ऑनलाइन वर्ग आणि ध्वनिमुद्रण एकाच वेळी चालू असले, की आधी आवाज फाटू लागतो, मग माउस अडकतो आणि ‘डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन’ असे लिहिलेली ब्लू स्क्रीन येऊन संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. पूर्ण प्रकरण वाचून होत आले असताना असे घडले, तर गळ्यावरचा ताण आणि वाचनाची लय दोन्ही वाया जातात.

गावातल्या तंत्रज्ञांनी रॅम बदलली आणि संगणक फॉरमॅटही केला. काही दिवस बरे गेले, पण सगळी सॉफ्टवेअर पुन्हा बसवल्यावर तेच सुरू झाले. आता मदरबोर्ड बदलावा असे त्यांचे म्हणणे आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे घरच्या घरी ठरवता येईल का?

उत्तर: आज्ञावली, पुणे

ताई, मदरबोर्डचा खर्च तूर्त थांबवावा. आपण सांगितलेले दोन त्रास एकमेकांपासून वेगळे आहेत आणि त्यांचा शोधही वेगवेगळाच घ्यावा लागेल.

विंडोजमध्ये आपले नेहमीचे प्रोग्राम ‘यूजर मोड’मध्ये चालतात. ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर असो वा त्यात बसवलेले प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, असो, त्याने मेमरीत नको तेथे हात घातला तर विंडोज तेवढाच प्रोग्राम बंद करते आणि बाकीचा संगणक सुखरूप राहतो. आपला पहिला त्रास या जातीचा आहे. ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे चालवणारी सॉफ्टवेअर, मात्र ‘कर्नल मोड’मध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या बरोबरीने चालतात. तेथे चूक झाली, तर डिस्कवरची माहिती खराब होऊ नये म्हणून विंडोज सगळा कारभार मुद्दाम थांबवते. तीच ब्लू स्क्रीन. त्यामुळे ब्लू स्क्रीन आली की संशय ड्रायव्हरवर किंवा यंत्रावर घ्यावा, प्रोग्रामवर नव्हे. प्रोग्राम फार तर त्या ड्रायव्हरला कामाला लावणारा असतो. ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर काढून दुसरे बसवणाऱ्यांना बहुधा गुण येत नाही, तो याच कारणामुळे.

आता आपल्या संदेशाविषयी. ऑडिओ इंटरफेस, नेटवर्क कार्ड अशा एखाद्या उपकरणाला प्रोसेसरचे लक्ष हवे असले की ते इंटरप्ट देते. प्रोसेसर हातातले काम सोडून अगदी तातडीचा भाग तेथल्या तेथे उरकतो आणि उरलेले काम ‘डिफर्ड प्रोसीजर कॉल’, म्हणजे डीपीसी म्हणून रांगेत लावतो. हे काम चालू असेपर्यंत त्या प्रोसेसर कोअरवर सामान्य प्रोग्रामांना संधीच मिळत नाही. म्हणून तातडीचा भाग २५ मायक्रोसेकंदांत आणि डीपीसी १०० मायक्रोसेकंदांत संपवावा, अशी मायक्रोसॉफ्टची ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सूचना आहे. एखादा ड्रायव्हर याच्या कितीतरी पट वेळ अडून बसला, की पहाऱ्यावर असलेली वॉचडॉग यंत्रणा संगणक थांबवते आणि १३३ हा स्टॉप कोड दाखवते. आधी आवाज फाटणे, मग माउस अडकणे आणि शेवटी ब्लू स्क्रीन येणे हा आपण लिहिलेला क्रम याच्याशी तंतोतंत जुळतो.

कोणता ड्रायव्हर अडून बसला याची नोंद विंडोज ठेवते. सी ड्राइव्हमधील विंडोज फोल्डरात ‘मिनीडंप’ नावाचे फोल्डर आहे. डंप म्हणजे संगणक कोसळला त्या क्षणीच्या मेमरीची नोंद. त्यातील सर्वांत अलीकडची फाइल डेस्कटॉपवर कॉपी करून घ्या, कारण मूळ जागी ती उघडताना परवानगीची अडचण येते. मग मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विनडीबीजी हे मोफत साधन घेऊन त्यात ती उघडा आणि विश्लेषणाच्या दुव्यावर क्लिक करा. बराच मजकूर येईल, पण त्यातील ‘मॉड्यूल नेम’ आणि ‘इमेज नेम’ या दोन ओळी प्रथम पाहाव्यात. तेथे विंडोजच्या गाभ्याचेच नाव, म्हणजे ‘एनटी’ किंवा ‘एनटीओएसकेआरएनएल’ दिसले, तर विंडोजच बिघडली असा निष्कर्ष काढू नका. कोसळण्याची जागा तेवढी तेथे असते. ढकलणारा बहुधा स्टॅकच्या, म्हणजे त्या क्षणी एकामागून एक बोलावलेल्या कामांच्या, यादीत वर-खाली सापडतो. १३३ या कोडच्या पहिल्या पॅरामीटरकडेही, म्हणजे कोडसोबत येणाऱ्या पहिल्या संख्येकडेही, लक्ष द्या. तो शून्य असेल तर एकाच डीपीसीने मर्यादा ओलांडली असा अर्थ होतो आणि दोषी लवकर हाती लागतो. तो एक असेल तर त्या वरच्या पातळीवर एकूण वेळ फार गेला असा अर्थ होतो आणि मग छोटा मिनीडंप सहसा अपुरा पडतो. विंडोज फोल्डरातला मोठा मेमरी डंप लागतो.

यासाठी ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या चौकटीत ‘ऑटोमॅटिक मेमरी डंप’ निवडलेले आहे ना, ते एकदा पाहावे. संगणक ‘स्वच्छ’ करणारी ॲप्स हे डंप पुसून टाकतात, तेव्हा तूर्त ती वापरू नयेत. डंप वाचून होईपर्यंत कोणतेही ड्रायव्हर काढू किंवा बदलू नये, असा माझा आग्रह आहे. एकदम चार गोष्टी बदलल्या तर त्रास थांबला तरी तो कशाने थांबला हे कळत नाही, आणि फॉरमॅटनंतर जे झाले तेच पुन्हा होते.

उत्तर: मिश्रक, सांगली

वरील उत्तराशी मी सहमत आहे. एक मोजमाप डंप वाचण्याच्या जोडीलाच करता येईल. लेटन्सीमॉन नावाचे मोफत साधन मिळते. एरवी आपण ज्या परिस्थितीत काम करता, म्हणजे वर्गाचे ॲप, ध्वनिमुद्रण आणि तानपुरा सर्व चालू असताना, ते अर्धा तास चालू ठेवा. ‘ड्रायव्हर्स’च्या पानावर कोणत्या फाइलने एका खेपेत जास्तीत जास्त किती वेळ घेतला ते दिसते. वाय-फायचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर वर आला तर आश्चर्य वाटून घेऊ नये. ध्वनीशी त्याचा संबंध नसला तरी प्रोसेसर सर्वांचा सामाईक असतो. वाय-फाय बंद करून लॅनची वायर जोडल्यावर आकडे खाली येतात का, हेही पाहून घ्यावे.

बफरविषयी, म्हणजे आवाजाचे नमुने (सॅम्पल) तात्पुरते साठवण्याच्या जागेविषयी, एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ४८,००० हर्ट्झवर १२८ सॅम्पलांचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद आणि ५१२ सॅम्पलांचा म्हणजे सुमारे १०.७ मिलिसेकंद. कोणा ड्रायव्हरने दोन मिलिसेकंद खाल्ले तर १२८ वर आवाज फाटतो आणि ५१२ वर तो निभावून जातो. म्हणून कथावाचनासाठी, जेथे स्वतःचा आवाज इंटरफेसमधूनच थेट ऐकता येतो, तेथे बफर खुशाल ५१२ ठेवावा. पण बफर वाढवल्याने ब्लू स्क्रीन जात नाही. फाटण्याचा आवाज तेवढा झाकला जातो आणि खालचा ड्रायव्हर होता तसाच राहतो.

यूएसबीच्या जोडणीकडेही पाहावे. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ च्या पोर्टमधून ९०० मिलिअँपिअर वीज मिळणे अपेक्षित असते. फँटम पॉवरसह चालणारा इंटरफेस वीज न घेणाऱ्या स्वस्त हबवर किंवा लांब केबलवर लावला, तर तो मध्येच क्षणभर तुटतो आणि पुन्हा जोडला जातो. ध्वनी चालू असताना उपकरण असे नाहीसे झाले की कच्चा लिहिलेला ड्रायव्हर तेथेच कोलमडतो. त्यामुळे इंटरफेस हब न वापरता मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरील पोर्टमध्ये लावा. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद ठेवा.

उत्तर: दुरुस्ती, ठाणे

मी संगणक दुरुस्तीचे काम करतो, म्हणून यंत्राची बाजू मांडतो. तंत्रज्ञाने रॅमवर संशय घेतला हे अगदीच गैर म्हणता येणार नाही, पण त्याला पुरावा हवा होता. इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टिमच्या नोंदी उघडून ‘व्हीया-लॉगर’ या नावाच्या नोंदी आहेत का ते पाहावे. प्रोसेसर, मेमरी किंवा पीसीआय एक्सप्रेस मार्गावर प्रत्यक्ष यंत्राने चूक कळवली तर ती तेथे येते. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद मात्र कारण म्हणून कोणी दाखवत असेल तर मान्य करू नये. संगणक रीतसर बंद न होता थांबला, एवढेच ती सांगते. वीज गेली तरी तीच नोंद येते.

यंत्र निर्दोष आहे की नाही हे ठरवण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. पेनड्राइव्हवर उबंटू घेऊन संगणक त्यावरूनच सुरू करा. त्याने आपल्या डिस्कवरील विंडोजला धक्का लागत नाही. बहुतेक यूएसबी इंटरफेस ‘क्लास कम्प्लायंट’ असल्यामुळे तेथे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. त्याच पोर्टवर, त्याच माइकने, नेहमीपेक्षा अधिक वेळ ध्वनिमुद्रण करून पाहा. तेथे काहीच अडले नाही, तर मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला निराधार ठरतो, कारण यंत्र तेच आहे आणि बदलले आहेत ते केवळ ड्रायव्हर.

आपल्याकडे बऱ्याच घरांत अर्थिंग नीट नसते. त्याने ध्वनिमुद्रणात गुणगुण शिरते आणि त्यासाठी वायरमनला बोलवावेच. परंतु त्या गुणगुणीचा आणि या ब्लू स्क्रीनचा मेळ घालू नये.

प्रतिसाद: संवादिनी, कोल्हापूर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने आणि तपशीलवार लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पेनड्राइव्हवरील उबंटूवर संपूर्ण दुपार वाचन केले आणि संगणक एकदाही अडखळला नाही. व्हीया-लॉगरची एकही नोंद नाही. विनडीबीजीमध्ये अलीकडच्या प्रत्येक डंपात पहिला पॅरामीटर शून्य आहे आणि ‘इमेज नेम’च्या ओळीत एकच फाइल येते. तिचे गुणधर्म पाहिल्यावर ती व्हर्च्युअल ऑडिओ केबलचा ड्रायव्हर असल्याचे कळले. त्यावरची तारीख २०१६ ची आहे. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू करून पाहिली, तेव्हा विसंगत ड्रायव्हरच्या यादीतही हेच नाव आले.

मग प्रश्न असा की, कपाटातील जुन्या इंटरफेसचा ड्रायव्हर निर्दोष समजावा का? आणि ही केबल काढली तर तानपुरा वर्गात कसा पोहोचवावा?

उत्तर: आज्ञावली, पुणे

निदान स्पष्ट आहे. यूएसबी उपकरण जोडलेले नसेल तर त्याचा ड्रायव्हर सहसा मेमरीत येतच नाही, म्हणून कपाटातल्या इंटरफेसवर एरवी संशय घेण्याचे कारण नसते. व्हर्च्युअल उपकरणाचे तसे नाही. त्याला काढून ठेवण्यासारखे खोके नसल्यामुळे विंडोज सुरू झाली की ते हजर असते, मग आपण ते वापरत असा वा नसा. मात्र काही इंटरफेसांचे सॉफ्टवेअर स्वतःचे व्हर्च्युअल लूपबॅक उपकरण (संगणकाचा आवाज पुन्हा इनपुट म्हणून देणारे) आणि पार्श्वभूमीत चालणारी सेवाही सोबत बसवते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडून ध्वनीच्या विभागात जुन्या कंपनीचे काही उरले आहे का ते पाहा. उरले असेल तर तेही जाऊ द्या.

काढण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम रीस्टोअर पॉइंट करून ठेवा. मग केबलचे सॉफ्टवेअर ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मधून रीतसर काढा, आणि त्यानंतरही डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते उपकरण दिसले तर ते अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही पुसण्याच्या चौकटीत खूण करा. ती खूण करायची राहून गेली तर ड्रायव्हर विंडोजच्या साठ्यात शिल्लक राहतो आणि संधी मिळताच परत बसतो. यानंतर संगणक ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन केले, तर कर्नलची स्थिती डिस्कवर जपून पुढच्या वेळी तशीच उचलली जाते. रीस्टार्टमध्ये ड्रायव्हर नव्याने चढतात.

एएसआयओ४ऑलविषयी दोन शब्द. एएसआयओ ही पद्धत स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणली, ती विंडोजचे ध्वनिमिश्रण टाळून सॉफ्टवेअर आणि उपकरण यांची थेट गाठ घालून देण्यासाठी. ज्या उपकरणाला निर्मात्याचा एएसआयओ ड्रायव्हर नाही, त्याच्या साध्या ड्रायव्हरवर चढवलेला मुलामा म्हणजे एएसआयओ४ऑल. आपल्या इंटरफेसला स्वतःचा ड्रायव्हर असताना त्याची गरज नाही. उलट एकाच उपकरणाकडे जाण्याचे दोन रस्ते उघडे राहतात आणि सॉफ्टवेअर कोणता पकडेल हे सेटिंग तपासल्याशिवाय कळत नाही. तेव्हा त्यालाही निरोप द्यावा, पण केबल काढल्यानंतर आठवडाभर निरीक्षण करून मगच.

नुसतेच बंद होणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘ॲप्लिकेशन’च्या नोंदींत १००० क्रमांकाची नोंद शोधा आणि ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ या ओळीतील नाव वाचा. जुन्या प्रकल्पांतच हे घडते, म्हणजे त्यांत वापरलेले एखादे जुने प्लगइन असण्याचा संभव मोठा आहे, विशेषतः ३२ बिटांचे. रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये असे प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवता येते. ते पडले तरी प्रकल्प वाचतो आणि आपल्याला ते शांतपणे बदलता येते.

उत्तर: मिश्रक, सांगली

तानपुऱ्यासाठी केबलची गरजच उरत नाही. ऑनलाइन वर्गाच्या झूमसारख्या ॲपमध्ये स्क्रीन शेअरच्या पर्यायांत केवळ संगणकाचा आवाज पाठवण्याची सोय असते. इंटरफेसच्या स्वतःच्या मिक्सरमध्ये लूपबॅक असेल तर तोही वापरता येतो. मला स्वतःला याहून साधी वाट अधिक भरवशाची वाटते. तानपुरा जुन्या मोबाइलवर लावून त्याच्या हेडफोनच्या छिद्रातून इंटरफेसच्या दुसऱ्या इनपुटला वायर द्यावी. फक्त ते इनपुट ‘लाइन’वर ठेवावे. असे केले की संगणकात एकच ध्वनी उपकरण आणि एकच घड्याळ, म्हणजे सॅम्पल मोजणारा एकच ठोका, राहते. सॅम्पल रेट विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये, इंटरफेसच्या पॅनेलमध्ये आणि प्रकल्पात सगळीकडे ४८,००० ठेवावा. वर्ग आणि ध्वनिमुद्रण एकत्र चालवताना ‘एक्सक्लुझिव्ह कंट्रोल’ची परवानगी काढून घ्यावी, म्हणजे एक ॲप दुसऱ्याला उपकरणावरून हुसकावणार नाही. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय चालू केला नाही तर ते ॲप तानपुऱ्याला कोलाहल समजून दाबून टाकते, हेही गायन शिकवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

प्रतिसाद: संवादिनी, कोल्हापूर

केबल काढल्यापासून वर्ग आणि वाचन दोन्ही विनाव्यत्यय चालू आहेत. एकही नवा डंप तयार झालेला नाही. जुन्या प्रकल्पांतील फॉल्टिंग मॉड्यूल खरोखरच ३२ बिटांचे रिव्हर्बचे प्लगइन निघाले. ते बदलल्यावर सर्व प्रकल्प उघडले. एक शेवटची विचारणा आहे. पुढच्या महिन्यात गायन, संवादिनी आणि तबला एकत्र मुद्रित करायचे आहे. दोन इनपुटे अपुरी पडतील, तर कपाटातला इंटरफेस जोडीला लावता येईल का?

उत्तर: मिश्रक, सांगली

ताई, तसे करू नये. एएसआयओमध्ये ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर एका वेळी एकच ड्रायव्हर उघडते, म्हणून दोन कंपन्यांचे इंटरफेस एकत्र आणायचे तर पुन्हा एएसआयओ४ऑलसारख्या मध्यस्थाकडे जावे लागते. ते जमले तरी दोघांची घड्याळे स्वतंत्र राहतात. त्यांच्यात दहा लाखांमागे पन्नास भागांचा फरक धरला, तर तासाभरात ०.१८ सेकंदाचे अंतर पडते आणि तबल्याची सम गाण्याच्या समेवर येत नाही. जुन्या इंटरफेसचा माइक प्रीॲम्प (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) संगणकाशिवाय नुसत्या विजेवर चालत असेल आणि त्याला डिजिटल आउटपुट असेल, तसेच नव्या इंटरफेसला त्याच प्रकारचे डिजिटल इनपुट असेल, तर त्या मार्गाने दोन्ही एका घड्याळावर बांधता येतात. त्या वेळी नव्या इंटरफेसच्या पॅनेलमध्ये क्लॉक सोर्स ‘एक्स्टर्नल’ करावा लागतो. तशी सोय नसेल, तर त्या एका बैठकीपुरता चार इनपुटांचा इंटरफेस भाड्याने घ्यावा. त्याचा ड्रायव्हर दोन दिवस आधी बसवून पूर्ण तासाची चाचणी घ्यावी आणि काम झाल्यावर तो उपकरणासह काढून टाकावा.